विसांव्याची सबब

थकव्यावर मात कशी करावी हें सांगणाऱ्यांची आपल्याकडे सध्या मुळींच वाण नाहीं. पहाटे अर्धा तास आधीं उठावें, दीर्घ श्वसन करावें, दुसऱ्या दिवसाच्या कामांची यादी आदल्या रात्रींच करून ठेवावी, भिजविलेले बदाम खावेत, आठवड्यांतून एक तास 'स्वतःसाठीं' राखावा, असा हा उपदेश असतो. आणि ज्या व्यक्तीस उद्देशून तो केलेला असतो ती व्यक्ति बहुधा नोकरी करणारी, एक-दोन मुलांची आई असते. उपदेश करणाऱ्यांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका घ्यावयाची नाहीं. बदाम चांगलेच असतात. परंतु या साऱ्या उपदेशांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी कीं, थकवा हा त्या बाईचा खासगी शत्रु आहे आणि त्याच्याशीं तिनें एकटीनेंच लढावयाचें आहे. जी आधींच दमलेली आहे तिच्या कामांच्या यादींत 'न दमणें' हें आणखी एक काम यामुळें वाढतें, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्या मतें आईच्या थकव्याचा प्रश्न हा आरोग्याचा प्रश्न असण्यापूर्वीं नीतीचा प्रश्न आहे, आणि त्या दृष्टीनें त्याचा थोडासा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तत्पूर्वीं एक गोष्ट बाजूला काढून ठेवणें अवश्य आहे. शरीरांत खराखुरा रोग असून त्यामुळें येणारा थकवा हा आमचा विषय नव्हे. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींस रक्तक्षय असल्याचें आढळून आलें. थायरॉईड ग्रंथीचें काम मंदावलें म्हणजेहि असाच गळाठा येतो. जिला एक जिना चढतांना धाप लागते तिनें आमचा निबंध खालीं ठेवावा आणि आधीं रक्त तपासून घ्यावें. पण अशी तपासणी होऊन, सारें कांहीं ठीक निघून, डॉक्टरांनीं कागदावर 'विश्रांति घ्या' एवढेंच लिहून दिलेल्या बायका आम्हीं पाहिल्या आहेत. लोहाच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळतात. हें दुसरें औषध कोठें मिळतें तें डॉक्टर सांगत नाहींत, आणि बाईहि विचारीत नाहीं.

नवी मुंबई हें शहर या विचाराला फार सोयीचें आहे. कारण मुंबई वाढत गेली, नवी मुंबई मात्र आधीं कागदावर आंखली गेली. चार्लस कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं खाडीपलीकडे नवें शहर वसवावें ही कल्पना गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत मांडली. १९७० च्या मार्चमध्यें सिडकोची स्थापना झाली. आणि आगरी-कोळ्यांच्या शेतांवर, मिठागरांवर नि खाजणांवर शहर उभें राहिलें. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची कथा निराळी आहे, आणि ती दोन ओळींत उरकण्याजोगी नाहीं. आमच्या विषयापुरतें एवढेंच सांगावयाचें कीं, आंखणाऱ्यांचा हेतु माणसाचे कष्ट कमी करण्याचा होता. जेथें राहावें तेथेंच काम मिळावें, प्रत्येक विभागास आपली शाळा, आपला बाजार, आपली बाग असावी, अशी ती योजना होती. कोरियांनीं तर बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्यें सात-सात घरांच्या मध्यें एकेक सामाईक अंगण ठेविलें. अंगण सामाईक असलें म्हणजे एकीचें दूध उतूं जात असतां दुसरी तिच्या मुलाकडे पाहूं शकते, हें साधें शहाणपण त्या नकाशांत होतें.

पुढें झालें तें मात्र निराळें. रेल्वे वाशीस पोंचावयास १९९२ साल उजाडलें. पुष्कळांचीं कामें खाडीच्या पलीकडेच राहिलीं, आणि अंगणांऐवजीं मनोरे उठले. आज नेरूळ, खारघर किंवा कामोठें येथील एखाद्या चौदा मजली इमारतीकडे पहाटे साडेपांच वाजतां पाहावें. ज्या खिडक्यांत दिवे लागलेले असतात त्या बहुतेक स्वयंपाकघरांच्या असतात. सहाला कुकर, साडेसहाला डबे, सातला मुलाची बस, आणि त्यानंतरची लोकल. पनवेलहून बोरीबंदरापर्यंत सव्वा तासाहून अधिक प्रवास; बसावयास जागा मिळाली तर ती गोष्ट दिवसभर लक्षांत राहते. शाळा सुटल्यावर मूल पाळणाघरांत. सासर साताऱ्याकडे, माहेर जळगांवाकडे. आजी वर्षांतून दोनदां येते आणि चौदाव्या मजल्यावर जीव रमत नाहीं म्हणून परत जाते. संध्याकाळच्या गाडींत बायकांच्या डब्यांत मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते. असें असूनहि तो प्रवास आपणांस बरा वाटतो, असें सांगणाऱ्या कित्येक जणी भेटतात. कारण विचारलें तर त्या सांगतात, "तेवढ्या वेळांत मला कोणी हांक मारीत नाहीं."

हें वाक्य विचार करण्यासारखें आहे. गर्दींत चेंगरून, एका हातानें कडी धरून उभी असलेली बाई त्या स्थितीला विसांवा म्हणत असेल, तर तिचा शीण केवळ हातापायांचा नव्हे हें उघड आहे.

असा शीण दिवसानुदिवस सांचत गेला म्हणजे माणूस आंतून विझतो. झोप घेऊनहि थकवा जात नाहीं, ज्यांच्यासाठीं राबावयाचें त्यांच्याविषयींच मनांत एक कोरडेपणा येतो, आणि आपल्या हातून कांहींच नीट होत नाहीं अशी समजूत दृढ होऊन बसते. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानें १९७४ सालीं या अवस्थेचें 'बर्नआउट' या नांवानें वर्णन केलें. आपण तिला कोळसा होणें म्हणूं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या रोगवर्गीकरणांत हा शब्द आला आहे. परंतु तो नोकरी-धंद्यांतील ताणापुरताच वापरावा, आयुष्याच्या इतर क्षेत्रांतील अनुभवांस लावूं नये, असेंहि तेथें बजाविलें आहे. म्हणजे ऑफिसांत कोळसा झालेली बाई वर्गीकरणांत बसते. तीच बाई सात वाजतां घरीं येऊन ओट्यापाशीं उभी राहिली कीं, वर्गीकरणाच्या बाहेर पडते. शास्त्राला व्याख्यांचीं कुंपणें घालावींच लागतात हें आम्हांस मान्य आहे. शिवाय बेल्जममधील रोस्काम व मिकोलायझाक या दोन विदुषींनीं आईबापांच्या या विझण्याचा स्वतंत्र अभ्यास चालविला आहे, आणि त्यांच्या पुढाकारानें ४२ देशांत झालेल्या व २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें दिसून आलें कीं, ज्या समाजांत ज्यानें त्यानें आपलें आपण पाहावें अशी रीत आहे तेथें हें प्रमाण अधिक असतें. देशांतील आर्थिक विषमतेपेक्षांहि या रीतीशीं त्याचा संबंध अधिक निकट आहे. सात घरांचें अंगण सोडून आपण चौदाव्या मजल्यावर गेलों, तेव्हां कोणत्या दिशेस निघालों होतों हें यावरून समजतें.

आतां थोडे आंकडे. ते कंटाळवाणे असतात. पण या विषयांत भावनेचा पूर इतका येतो कीं, पाय टेकावयास थोडी जमीन असलेली बरी. केंद्र सरकारनें २०२४ सालीं केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीप्रमाणें घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं त्या बिनमोल कामांत दिवसास सरासरी २८९ मिनिटें जातात; घरकामास हात लावणाऱ्या पुरुषांचीं ८८. मुलें, म्हातारीं माणसें, आजारी माणसें यांच्या देखभालींत १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ४१ गुंतलेल्या असतात व त्यांचीं १४० मिनिटें जातात. पुरुषांपैकीं शेंकडा २१.४ जण, आणि त्यांचीं ७४ मिनिटें. याच पाहणीच्या २०१९ च्या खेपेस घरकामाचे आंकडे २९९ व ९७ असे होते. म्हणजे पांच वर्षांत स्त्रियांचीं दहा मिनिटें वांचलीं. पण पुरुषांचींहि नऊ वांचलीं! तेव्हां तीं दहा मिनिटें कोणा नवऱ्यानें वांचविलीं नसून मिक्सरानें नि धुण्याच्या यंत्रानें वांचविलीं असावींत, असा तर्क केल्यास तो फारसा अन्यायाचा होऊं नये.

परंतु मिनिटें मोजून हा हिशेब पुरा होत नाहीं, आणि खरी गोम येथेंच आहे. भांडीं घासण्यास वीस मिनिटें लागलीं हें लिहून ठेवतां येतें. गॅस कोणत्या दिवशीं संपेल, धाकट्याची लस कोणत्या तारखेस आहे, शाळेंत उद्यां पिवळा पुठ्ठा न्यावयाचा आहे, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चारच उरल्या आहेत, मामेबहिणीच्या बारशाला काय द्यावयाचें, पाळणाघरांतल्या बाई पुढच्या आठवड्यांत सुटीवर जाणार आहेत, हें सारें जी डोक्यांत वागविते तिच्या या कामाला सुरुवात नाहीं आणि शेवटहि नाहीं. तें ती गाडींत करते, ऑफिसांत करते, न्हातांना करते. हमालाचें ओझें पाठीवर असतें, आणि तें उतरलें कीं उतरतें. पहारेकऱ्याचें तसें नसतें; रात्रभर कोणी चोर आला नाहीं तरी सकाळीं तो दमलेलाच असतो. आई ही घरांतली हमाल आहे असें पुष्कळ लोक सहानुभूतीनें म्हणतात. ती त्याहून अधिक पहारेकरी आहे, आणि तिचा पहारा बदलावयास कोणी येत नाहीं.

विसांवा हा श्रमाचाच एक भाग आहे, श्रमाचें बक्षीस नव्हे, हें तत्त्व आमची मुंबई गिरणीच्या भोंग्याखालीं शिकली. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं २४ एप्रिल १८९० रोजीं कामगारांची सभा बोलाविली. सुमारें दहा हजार माणसें जमलीं, आणि त्यांच्यापुढें दोन कामकरी स्त्रियांनींहि भाषणें केलीं. त्याच वर्षीं १० जून रोजीं गिरणीमालकांनीं आठवड्याची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असेंहि एक कारण त्या वेळीं पुढें करण्यांत आलें होतें, असें सांगतात. पुढें १९२९ सालीं मुंबई इलाख्यानें बाळंतपणाच्या रजेचा कायदा केला, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानें आठवड्याच्या ४८ तासांची नि मधल्या सुटीची मर्यादा घातली, आणि २०१७ च्या दुरुस्तीनें बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. प्रत्येक वेळीं धंदा बुडेल अशी ओरड झाली. धंदा बुडाला नाहीं. पण हे सारे कायदे गिरणीच्या नि ऑफिसाच्या दारापर्यंतच आले. त्या सभेंत बोललेल्या दोघी स्त्रिया सुटी मिळाल्यावर पहिल्या रविवारीं घरीं काय करीत असतील, याची कल्पना करणें अवघड नाहीं: साठलेलें धुणें, आणि दळण. गिरणगांवांत 'पाळी' हा शब्द रोजचा होता. अर्ली हॉक्शील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनीं १९८९ च्या आपल्या ग्रंथाला 'दुसरी पाळी' याच अर्थाचें नांव दिलें. ऑफिसची पाळी संपवून घरच्या पाळीवर हजर होणाऱ्या स्त्रियांचें तें वर्णन आहे. गिरणीच्या दुसऱ्या पाळीला निदान भोंगा होता. घराला भोंगा नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, आमच्या जुन्या समाजानें स्त्रीच्या विसांव्याची सोय केलेली होती. तुम्हीं ती मोडलीत. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. सोय होती. परंतु तो विसांवा विसांवा या नांवानें कधींच दिला गेला नाहीं. महिन्यांतून चार दिवस ती बाजूला बसे. पण तें ती दमली म्हणून नव्हे, तिचा विटाळ म्हणून. बाळंतिणीला सव्वा महिना खाट नि शेगडी, अंगाला तेल, डिंकाचे लाडू. पण तें घराला मूल दिलें म्हणून, आणि सोहेर होतें म्हणून. पंचमीला, दिवाळीला माहेर. तेंहि न्यावयास मुराळी आला तर, आणि सासूनें पाठविलें तर. मंगळागौरीची रात्र मनसोक्त खेळण्याची, पण ती देवीच्या नांवानें. आणि जिला यांपैकीं कांहींच पुरें पडत नसे, तिच्या अंगांत येई. दिवसभर जिला कोणी पाणी विचारीत नसे, ती सून मंगळवारीं केस मोकळे सोडून घुमूं लागली म्हणजे तीच सासू तिच्यापुढें हात जोडून उभी राही, तिला काय हवें नको तें विचारी. आम्हांस कोणाच्या श्रद्धेची थट्टा करावयाची नाहीं. पण घटकाभर खालीं बसण्यासाठीं बाईला एक तर अस्पर्श व्हावें लागे, नाहीं तर देवी. मनुष्य राहून तिला बसतां येत नसे, एवढें मात्र यांतून स्पष्ट दिसतें.

सुधारणेच्या काळानें या सबबी एकेक करून काढून घेतल्या, आणि तें योग्यच झालें. विटाळाच्या अपमानाच्या मोलानें मिळालेले चार दिवस परत आणावेत असें शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. चूक झाली ती इतकीच कीं, सबब गेली, पण सबबीवांचून बसण्याचा अधिकार तिच्या जागीं आला नाहीं. म्हणून आजची आई नव्या सबबी शोधते. ताप १०२ वर गेला तर निजावयास हरकत नाहीं. ९९ वर मात्र संकोच वाटतो. डोकें दुखतें म्हणावें तर गोळी पुढें येते. मानखुर्दला गाडी अडकली तर तेवढीं वीस मिनिटें दोषावांचून मिळतात. त्यांत तिचा हात नसतो ना! घरीं भर दुपारीं ती कोचावर नुसती बसलेली दिसली, हातांत मोबाईल नाहीं, निवडावयाची भाजी नाहीं, तर घरांतलें प्रेमळ माणूस विचारतें, "काय गं, काय होतंय तुला?" बसलेल्या पुरुषास हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. त्याचें बसणें हें स्वयंसिद्ध असतें. तिच्या बसण्याला कारण लागतें.

"आमच्या आज्या दहा-दहा मुलांचें करीत, त्या नाहीं दमल्या," असें उत्तर यावर ठरलेलें आहे. त्या दमत होत्या. जात्यावर बसून त्यांनीं तें वारंवार सांगितलें आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवां यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओंव्या गोळा केल्या. त्यांत देवाचें नांव जितकें आहे तितकाच शिणलेल्या जिवाचा उसासाहि आहे. फरक एवढाच कीं, तें गाऱ्हाणें पहाटेच्या अंधारांत जात्याला सांगितलें जाई, आणि जातें कोणाकडे चहाडी करीत नसे. शिवाय जात्याच्या पलीकडे दुसरी एक बाई बसलेली असे. जाऊ असो, नणंद असो, खुंट्याला दुसरा हात असे. एकत्र कुटुंबांत जाच होता, आणि त्या जाचाचीं वर्णनें करण्यांत मराठी लेखिका मागें राहिलेल्या नाहींत. पण तेथें आईपण एकटीचें नव्हतें. आम्हीं जाच टाकला तो बरा केला. त्याच्याबरोबर दुसरा हातहि टाकला.

आतां मुख्य आक्षेपाकडे वळूं, कारण तो आमच्या संस्कारांच्या मुळाशीं आहे. आई म्हणजे त्याग. तिनें आपल्या विसांव्याचा हिशेब मांडला तर तिचें आईपण तें काय राहिलें? 'श्यामची आई' हें पुस्तक साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें, आणि तेव्हांपासून मराठी घरांत त्यावर जेवढे अश्रु ढाळले गेले तेवढे क्वचितच दुसऱ्या पुस्तकावर ढाळले गेले असतील. ती आई कष्टानें, दारिद्र्यानें नि आजारानें झिजून अकालीं जाते. त्या पुस्तकाचें पावित्र्य आम्हांस मान्य आहे. आम्हीहि रडलों आहों. पण वाचक म्हणून आपण त्यांतून मुलाची मातृभक्ति शिकलों. त्या माउलीच्या अंगावरचें ओझें आणखी कोणाला उचलतां आलें असतें काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला.

त्याग या शब्दाचा नीट विचार केला पाहिजे. दान देणाऱ्यापाशीं न देण्याचाहि अधिकार असतो. म्हणून तर त्याच्या देण्याला दान म्हणतात. कर भरणारा दाता नव्हे. ज्या बाईला 'आज मी करणार नाहीं' असें म्हणण्याची सोयच नाहीं, ती जें करते त्याला सक्ति म्हणा, संवय म्हणा, त्याग म्हणूं नका. जिला घरानें निर्भेळ विश्रांति दिली आहे, आणि तरी जी मुलाच्या तापांत तीन रात्री जागते, तिचें जागणें हा त्याग होय. आईचा विसांव्याचा अधिकार मान्य केल्यानें तिच्या त्यागाला कमीपणा येत नाहीं; त्याशिवाय तिच्या त्यागाला अर्थच येत नाहीं, असें आम्हांस वाटतें. आणि मुलांवर संस्कार म्हणाल तर, ज्या मुलानें आपली आई कधीं बसलेली पाहिली नाहीं, तो मोठा होऊन उभ्या असलेल्या बायकोकडे पाहतो आणि त्याला त्यांत खटकण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. ज्या मुलीनें तेंच पाहिलें, तिला स्वतः बसलें कीं अपराध्यासारखें वाटतें.

आमच्या संतपरंपरेंत या विषयावरची एक कथा आहे, आणि ती कोणत्याहि उपदेशग्रंथापेक्षां अधिक मार्मिक आहे. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई दळूं लागे तेव्हां विठ्ठल तिच्याबरोबर दळावयास बसे, अशी ती कथा. देवानें तिला पहाटे लौकर उठण्याचा सल्ला दिला नाहीं. दळणांत परमार्थ पाहा असेंहि सांगितलें नाहीं. त्यानें जात्याचा खुंटा धरला. आणि आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, 'मी काय करूं तें सांग' असेंहि त्यानें विचारल्याचें कथेंत नाहीं.

आजचा सुशिक्षित नवरा चांगल्या मनाचा असतो, आणि तो नेमकें हेंच विचारतो. "काय आणूं? किती आणूं? कोणता डबा? त्याचे मोजे कुठं आहेत?" भाजी तो आणतो, पण कोणती भाजी हा विचार तिचाच राहतो. याला मदत म्हणतात. मदत करणारा मनुष्य केव्हांहि बाजूला होऊं शकतो, आणि केलें त्याबद्दल त्याचे आभार मानावे लागतात. वांटा उचलणाऱ्याला यांतलें कांहींच नसतें. नेरूळमधील आमच्या परिचयाच्या एका घरांत मुलीच्या शाळेच्या डब्याचें खातें पूर्णपणें बापाकडे देण्यांत आलें: काय करावयाचें हें ठरविणें, आणणें, करणें, आणि विसरल्यास शाळेची चिठ्ठी वाचणें, सर्व. पहिल्या पंधरवड्यांत मुलीनें बटाट्याची भाजी सात वेळां नेली. दोनदां डबा घरींच राहिला. आईला या दिवसांत जो संयम करावा लागला तो एखाद्या व्रताहून कमी नव्हता. ओट्याकडे जाणारा हात तिनें शब्दशः दुसऱ्या हातानें धरून ठेविला, असें ती सांगते. दोन महिन्यांनीं मुलीला थालीपीठ आवडतें हा शोध बापाला लागला, आणि हा शोध आपल्याला आजवर कां लागला नव्हता याचें त्याचें त्यालाच नवल वाटलें.

हा संयमाचा भाग आम्हीं मुद्दाम सांगितला, कारण दोष एका बाजूचा नाहीं. 'माझ्याशिवाय या घराचें पान हलत नाहीं,' या वाक्यांत तक्रार असते तशी एक गोड सत्ताहि असते. ज्या समाजानें स्त्रीला दुसरें राज्य दिलें नाहीं, त्या समाजांत तिनें स्वयंपाकघराचें राज्य घट्ट धरून ठेवावें यांत आश्चर्य नाहीं. पण पहारा सोडावयाचा तर किल्ल्याहि सोडाव्या लागतात. पोळी नकाशासारखी झाली तरी ती न बोलतां खावी लागते. कित्येक घरांत बापाचा पहिला उत्साह बायकोच्या एका हंसण्यानें संपलेला आम्हांस ठाऊक आहे. तो संपावा म्हणून वाट पाहणारे बापहि ठाऊक आहेत.

या सर्व विवेचनांत एक माणूस आम्हीं अजून दाराबाहेरच उभें ठेविलें आहे. मध्यमवर्गीय घरांत आईचा शीण जेवढा म्हणून उतरला आहे, तो यंत्रांनंतर बहुतेक दुसऱ्या एका आईनें उतरविला आहे. ती तुर्भ्याच्या किंवा दिघ्याच्या वस्तींतून सकाळीं निघते. धाकट्याला थोरलीच्या स्वाधीन करते, आणि त्यापायीं थोरलीची शाळा बुडते. चार घरचीं भांडीं, दोन घरच्या पोळ्या, एका घरची लादी. विसांवा हा नीतीनें मिळणारा हक्क असेल तर तो पैसे टाकून दुसरीच्या अंगावरून काढून घेतां येईल काय, हा प्रश्न चौदाव्या मजल्यावरच्या दमलेल्या बाईस विचारणें निर्दयपणाचें वाटेल. पण तो विचारल्यावांचून हा विषय प्रामाणिकपणें संपवितां येत नाहीं. महाराष्ट्रानें २००८ सालीं घरेलू कामगारांसाठीं कल्याण मंडळाचा कायदा केला. तरी आठवड्याची सुटी बहुतेक घरांत मालकिणीच्या मर्जीवरच आहे, आणि रविवारीं तर ती बाई हवीच असते, कारण त्या दिवशीं पाहुणे येतात. लोखंड्यांच्या रविवारास सव्वाशेंहून अधिक वर्षें झालीं. तिनें एखादा दिवस खाडा केला म्हणजे दुसऱ्या दिवशीं दार उघडतांच तिला विचारलें जातें, "काल कां नाहीं आलीस?" विचारणारी स्वतः रात्रीं साडेअकराला निजून साडेपांचला उठलेली असते. ती बाई चपला काढतां काढतां सांगते, पोराला ताप होता. नाहीं तर, गांवाकडे मयत झाली. दमलें होतें म्हणून आलें नाहीं, असें तीहि सांगत नाहीं.